एकास पंचवीस : छोट्या मोटारी बांधण्याच्या छंदाविषयी

ग्वाल्हेरमधली सर्वांत प्रसिद्ध छोटी गाडी चांदीची आहे. जयविलास महालातल्या मेजवानीच्या लांबलचक टेबलावर रूळ बसवलेले आहेत. त्यांवरून मद्याच्या सुरया आणि सिगार पाहुण्यांपुढे फिरवणारी ही आगगाडी नॉर्थहॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने १९०६ साली माधवराव शिंद्यांसाठी बनवली. डब्यांवर एकेक इंग्रजी अक्षर, सगळी मिळून घराण्याचं नाव. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबते, परत जागेवर ठेवली की पुढे निघते. दुसरी छोटी गाडीही त्याच महाराजांची, पण ती अख्ख्या शहराच्या ओळखीची होती: दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे. तिचा मार्ग श्योपूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर गेला, एवढ्या अरुंद रुळांवरच्या जगातल्या सर्वांत लांब मार्गांत गणला गेला, आणि २०२० साली बंद होऊन ब्रॉडगेजच्या कामाखाली गेला. या शहरात ‘लहान गाडी’ म्हटलं की या दोहोंपैकी एक डोळ्यांपुढे येते. हे पुस्तक मात्र तिसऱ्याच गाडीबद्दल आहे, आणि तिचं वेगळेपण कळायला आधी या दोघींकडे जरा नीट पाहायला हवं. नॅरोगेजचे रूळ ब्रॉडगेजच्या रुळांच्या एक तृतीयांशाहून थोडेच रुंद. पण डब्यात बसणारा माणूस पूर्ण उंचीचा. दार, बाक, पायरी सगळं त्याच्या मापाचं असावं लागतं, म्हणून डबा रुळांच्या दोन्ही अंगांनी बाहेर येतो. चांदीच्या गाडीचंही तेच. तिचा डबा सुरईच्या मापाचा आणि सुरई माणसाच्या मुठीच्या मापाची. दोन्ही गाड्या लहान आहेत, पण प्रमाणात नाहीत. स्केल मॉडेलची अट याहून कडक असते: मोटारीचं प्रत्येक माप एकाच आकड्याने भागायचं. चाक, दार, आरसा, दाराच्या मुठीमागची खोबण, आणि गाडीशेजारी माणूस उभा करायचा असेल तर तोही त्याच आकड्याने.

मराठी घरांत लहान करून बांधण्याची सवय नवी नाही. दिवाळीचा किल्ला हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण, आणि त्यात प्रमाणाला कुणी विचारत नाही. शिवाजी महाराजांची मूर्ती बुरुजापेक्षा उंच असते, मावळा महादरवाजातून आत शिरूच शकणार नाही एवढा असतो, आणि पायथ्याच्या विहिरीवर पाणी भरणारी बाई त्या मावळ्याच्याही दुप्पट. यात चूक काहीच नाही. किल्ल्यातली मापं मानाची असतात. जो मोठा तो मोठा दिसला पाहिजे. स्केल मॉडेलमध्ये मात्र महाराज आणि मावळा एकाच आकड्याने भागले जातात. मान, किंमत, आवड यांपैकी कशालाही तिथे जादा मिलिमीटर मिळत नाही. हा छंद रंजक आहे, मन रमवतो, हात स्थिर करतो, हे सगळं खरं. पण एवढ्यासाठी प्रस्तावना लिहावी लागली नसती. माझं म्हणणं असं की मोटार प्रमाणात बांधणं हा ती मोटार तपासून पाहण्याचा आणि तिची नोंद ठेवण्याचा एक मार्ग आहे. आणि आपल्या रस्त्यांवरच्या कित्येक गाड्यांच्या बाबतीत दुसरा मार्ग कुणी घेतलेलाच नाही.

या छंदातली प्रमाणं कुठून आली हे पाहिलं तर गंमत वाटते, कारण त्यात तर्क कमी आणि योगायोग जास्त आहे. १/४३ हे विचित्र प्रमाण मोटारींचं नव्हेच. ते खेळण्यातल्या रेल्वेचं: एका फुटाला सात मिलिमीटर. फूट इंग्रजी, मिलिमीटर फ्रेंच, आणि दोघांच्या संसारातून आलेला हा आकडा. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३०च्या दशकात हॉर्नबी रेल्वेच्या फलाटांभोवती मांडायला छोट्या धातूच्या मोटारी काढल्या. त्याच पुढे डिंकी टॉइज म्हणून जगभर गेल्या, आणि त्यांचे साचे कालांतराने कोलकात्यात येऊन निकी टॉइज या नावाने आपल्याकडेही खेळणी निघाली. म्हणजे मोटारीचं मॉडेल जन्मलं ते आगगाडीच्या देखाव्यातलं सामान म्हणून. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं आणि १९९८पासून लोकांसाठी खुलं असलेलं लघुरेल्वे संग्रहालय पाहताना हे नातं सहज लक्षात येतं. तिथे रुळांभोवती रस्ते, पूल, सर्कस असं अख्खं शहर आहे. रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये रूढ झालेलं १/३५ हे प्रमाण तर जपानच्या शिझुओकामधल्या तामिया कंपनीच्या एका मॉडेलमध्ये मोटर आणि बॅटरी मावाव्या म्हणून ठरलं. १/२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच. डब्यात मिळणारी किट जोडायची असतील तर या आकड्यांशी भांडून उपयोग नाही. पण स्वतः मापं घेऊन बांधायचं असेल, आणि टेप मिलिमीटरचा असेल, तर १/२५ घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. चारने गुणायचं, दोन घरं मागे टिंब द्यायचं, झालं. अ‍ॅम्बॅसेडरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४६४ मिमी, मॉडेलवर ९८.५६. प्रीमियर पद्मिनीचं २३४०, मॉडेलवर ९३.६. कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही.

आता मूळ मुद्दा. जगात कोणत्या मोटारींची मॉडेलं झाली आणि कोणत्यांची झाली नाहीत? ग्वाल्हेरच्याच पोतडीतलं उदाहरण घेऊ. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली. त्यात ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाची रोल्स-रॉइस घाटांमागून घाट चढत सहाशेहून जास्त मैल न अडखळता धावली, आणि मग ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. ती ज्या जातीची गाडी होती ती सिल्व्हर घोस्ट मॅचबॉक्सच्या जुन्या गाड्यांच्या मालिकेत १९६०मध्येच आली, आणि पुढेही निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या आकारांत काढली. आता तेच शहर, दुसरं टोक. हजीरा म्हटलं की बाहेरच्या माणसाला मुहम्मद गौस यांचा मकबरा आणि तानसेनाची समाधी आठवते; शहरातल्या माणसाला शेजारचं बिर्लानगर, जियाजीराव कॉटन मिल आणि पाळ्यांच्या वेळी भरून वाहणारे रस्ते आठवतात. १९२१ साली घनश्यामदास बिर्लांनी काढलेली ती गिरणी बंद पडूनही आता बराच काळ लोटला. तिच्या कामगारांची, त्यांच्या मुलाबाळांची, बाजाराला निघालेल्या बायकांची गाडी कोणती? टेम्पो. पुढे एक चाक, मागे समोरासमोर बाकं, आणि बाकावर मावतील त्याहून दोन माणसं जास्त. लखनौच्या स्कूटर्स इंडियाने इटलीच्या लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री आणून सुरू केलेल्या कारखान्यातला ‘विक्रम’ टेम्पो उत्तरेतल्या किती शहरांचा भार वाहत होता याचा हिशेब कुणी मांडलेला नाही; ती कंपनी बंद करण्याचा निर्णयही २०२१मध्ये झाला. जपानी किंवा जर्मन किटच्या डब्यात विक्रम मिळणार नाही. तो कुणी बांधला तरच असणार.

अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनी यांची स्थिती याहून बरी, पण फार नाही. हिंदुस्तान मोटर्स ही बिर्ला घराण्याचीच कंपनी, त्यामुळे ज्या घराच्या पैशातून बिर्लानगर उभं राहिलं त्याच घराच्या पैशातून अ‍ॅम्बॅसेडरही. मूळची ती मॉरिस ऑक्सफर्ड, १९५७च्या सुमारास उत्तरपाड्याला बनू लागली आणि २०१४पर्यंत बनत राहिली. पद्मिनी मूळची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुंबईत तिची टॅक्सी म्हणून शेवटची मुदत ऑक्टोबर २०२३अखेर संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी पानं भरून लिहिलं, आणि त्या पानांत माप एकही नव्हतं. अ‍ॅम्बॅसेडर खेळण्याच्या दुकानात मागे ओढून सोडायच्या प्लॅस्टिकच्या गाडीच्या रूपात मिळते, आणि खेळणं म्हणून ती झकास आहे. पण खेळण्याला मुलाच्या हाताशी इमान राखावं लागतं: चाकं जाड हवीत, खांब भक्कम हवेत, आरसा मोडणार नाही असा हवा. त्याच्याकडून नोंदीची अपेक्षा करणं हा खेळण्यावर अन्याय होईल.

यावर पहिला आणि सर्वांत सयुक्तिक आक्षेप असा की नोंदच हवी तर फोटो काढा. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. कंपनीचे आराखडे मिळाले तर उत्तमच. मॉडेल कशाला? याचं उत्तर प्रत्यक्ष कामात मिळतं. समजा अ‍ॅम्बॅसेडर पुठ्ठ्यात बांधायला घेतली. बाजूचा आराखडा फोटोवरून काढला, चाकांमधलं अंतर ९८.५६ मिमी धरून बाकीचं त्या हिशेबाने. समोरचा आराखडा दुसऱ्या फोटोवरून. वरचा तिसऱ्यावरून. कागदावर तिन्ही सुंदर दिसतात. मग काचेची चौकट कापली, टप कापला, दोन्ही बाजू उभ्या केल्या, आणि टपाचा कोपरा चौकटीला दोन मिलिमीटर कमी पडला. दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर पाच सेंटिमीटर. कुठेतरी पाच सेंटिमीटरची थाप आहे, आणि ती तिन्हींपैकी एका फोटोत आहे. शोधायला लागलं की कळतं: बाजूचा फोटो फार जवळून काढला होता, त्यामुळे जवळचं चाक फुगलं आणि काचेचा कल चुकला. तोच फोटो वीस पावलं मागे जाऊन झूम करून काढला असता तर ही चूक बरीच कमी झाली असती. फोटो खोटं बोलू शकतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण एकट्या फोटोला दुसऱ्या कशाशी जुळावं लागत नाही. आराखड्याचंही तसंच, समोरचं चित्र आणि बाजूचं चित्र वेगवेगळ्या पानांवर सुखाने नांदतात. मॉडेलमध्ये मात्र प्रत्येक कडेला शेजारच्या कडेशी मिळावंच लागतं. चुकीचं माप तिथे फटीच्या रूपाने उघडं पडतं, आणि फट लांबी भरून बुजवता येते हे खरं असलं तरी ती कुणी भरली हे बांधणाऱ्याला माहीत असतं.

मोटार कंपन्यांना हे फार आधी उमगलं आहे. अमेरिकेत हार्ली अर्लने १९२०च्या दशकात मातीच्या मॉडेलवर मोटारींचे आकार ठरवायची पद्धत रुजवली, आणि संगणकावर सगळं दिसत असूनही मोठे कारखाने आजवर मातीकडे वळतात. दुसऱ्या बाजूने तामियाची गोष्ट पाहावी. १९७०च्या दशकात त्यांना पोर्शेचं १/१२ मॉडेल काढायचं होतं. त्यांनी कंपनीकडून मिळणाऱ्या माहितीवर न थांबता एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि सुटी करून पाहिली. छंदाच्या जगात ही गोष्ट वेडेपणाचा नमुना म्हणून कौतुकाने सांगितली जाते. मला ती साधी शहाणपणाची वाटते. गाडी सुटी केल्याशिवाय जोडणीचा क्रम कळत नाही, आणि जोडणीचा क्रम कळल्याशिवाय कोणती कड कोणत्या कडेखाली जाते हे कळत नाही.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो. ही नुसती नक्कल; यात निर्मिती कुठे? आक्षेप घेणाऱ्यांची समजूत अशी दिसते की सगळी मापं पंचवीसने भागली की मॉडेल आपोआप तयार होतं. तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजणं हा या छंदाचा निम्मा आनंद आहे. मोटारीच्या पत्र्यावर कारखान्यातला रंग साधारण शंभर मायक्रॉन जाड असतो. पंचवीसने भागला तर चार मायक्रॉन. इतका पातळ थर कुठलाही ब्रश किंवा स्प्रे देत नाही. म्हणजे मॉडेलवरचा रंग खऱ्या रंगाच्या मानाने कितीतरी जाड, आणि तो प्रत्येक धार बोथट करतो. म्हणून जाणकार रंगाआधीच धारा किंचित जास्त तीक्ष्ण करून ठेवतात. दार आणि मडगार्ड यांच्यामधली चार मिलिमीटरची फट मॉडेलवर ०.१६ मिमी होते; ती कापायची नसते, कटरच्या पात्याच्या पाठीने नुसती ओढायची असते, आणि मग तिच्यात पातळ केलेला काळपट रंग सोडायचा. तोही शुद्ध काळा नाही. शुद्ध काळा रंग छोट्या गाडीवर भोकासारखा दिसतो, म्हणून त्यात राखाडी मिसळतात. आणि किती तपशील दाखवायचा? मॉडेल आपण साधारण एका फुटावरून पाहतो. म्हणजे खरी गाडी साडेसात मीटरवरून पाहिल्यासारखं. साडेसात मीटरवरून अ‍ॅम्बॅसेडरच्या दाराचं कुलूप दिसतं का? दाराची मूठ दिसते, कुलपाचं भोक जेमतेम. तरीही कोणी ते भोक पाडलं तर माप बरोबर येईल आणि गाडी खोटी दिसेल. कुठे मापाला धरून राहायचं आणि कुठे डोळ्याचं ऐकायचं हे ठरवायला आकडा मदत करत नाही. तिथे बांधणाऱ्याची अक्कल लागते, आणि दोन जाणत्या माणसांनी बांधलेली एकच गाडी कधी सारखी दिसत नाही ती यामुळेच.

वजनाचं तर विचारूच नये. लांबी पंचवीसने भागली की वजन पंधरा हजार सहाशे पंचवीसने भागलं जातं. सुमारे अकराशे किलोची अ‍ॅम्बॅसेडर सत्तर ग्रॅमची होते. पण पृथ्वीचं ओढणं कुणी भागत नाही, त्यामुळे छोटी गाडी हलवली की तिचे झटके लगेच खेळण्याचे वाटतात. सिनेमावाले अशी दृश्यं पाचपट वेगाने चित्रित करून पडद्यावर संथ दाखवतात, तो पाच म्हणजे पंचवीसचं वर्गमूळ. म्हणून प्रमाणातली मोटार उभीच शोभते. चांदीची आगगाडी टेबलावर खुशाल धावू शकते, कारण ती कशाचं प्रमाण असल्याचा दावा करतच नाही.

नोंद म्हणून मॉडेलचं महत्त्व सर्वांत जास्त पटतं ते गाडी ‘जुनी’ करताना. नवशिक्याला वाटतं, थोडा तांबूस रंग इथेतिथे फासला की झाली जुनी. पण गंज यादृच्छिक लागत नाही. पाणी जिथे साचतं तिथे तो लागतो: दाराच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानीच्या आत, डिकीच्या झाकणाच्या ओठाखाली, बॅटरीच्या तळाशी. ऊन वरून पडतं, म्हणून टप आणि बॉनेट आधी विटतात, दारं मागाहून. ज्या शहरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तिथली गाडी आणि कोकणातली गाडी एकाच वयाच्या असल्या तरी सारख्या म्हाताऱ्या होत नाहीत: ग्वाल्हेरची विटते, रत्नागिरीची कुजते. मुंबईच्या पद्मिनीला डावीकडे बाहेर यांत्रिक मीटर होतं. ते काढल्यावर तिथे उरलेली भोकं आणि न विटलेला चौकोन हीसुद्धा माहितीच. गंज दाखवायची एक जुनी युक्ती आहे. तपकिरी थर द्यायचा, तो वाळला की हवं तिथे पाणी लावून मिठाचे खडे चिकटवायचे, वरून गाडीचा रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ ब्रशने झाडून टाकायचं. रंग खपल्या निघाल्यासारखा दिसतो. युक्ती सोपी आहे. मीठ कुठे टाकायचं हे सोपं नाही, त्यासाठी गाडीखाली वाकून पाहावं लागतं. या छंदात हवामानाचा तसा दुसरा हिशेबही असतो: लू वाहत असताना एअरब्रशमधला रंग पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळून पावडर होतो, आणि श्रावणात लॅकरवर पांढुरकी साय धरते. ग्वाल्हेरमध्ये रंगकाम दसऱ्यानंतर किंवा होळीच्या आसपास उरकावं. मधल्या काळात कापाकापी आणि घासकाम भरपूर असतं.

पैशांचा आक्षेप टाळता येणार नाही, विशेषतः ज्या छंदाची सुरुवात मी महाराजांच्या टेबलावरून केली त्याच्याबाबतीत. बाहेरून येणारी किट महाग असतात, एअरब्रश आणि कॉम्प्रेसर त्याहून महाग, आणि हे सगळं जमवून एकही गाडी पुरी न करणारे लोक जगभर आहेत. या पुस्तकाचा रोख म्हणूनच विकत घेण्यावर नाही. पुठ्ठा, सनबोर्ड, प्लॅस्टिकची पातळ शीट, फेविक्विक, एम-सील, सुताराकडची लांबी, दोन-तीन नंबरचे पॉलिश पेपर, स्टीलची पट्टी आणि कटर एवढ्यावर पहिली गाडी होते. सायलेन्सरला संपलेली रिफील चालते, मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण काचेला. रंगाबद्दल गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला विचारावं. तो रोज तेच काम करतो, फक्त पंचवीसपट मोठं, आणि अस्तराचा थर न घासता वर रंग मारणाऱ्यांविषयीची त्याची मतं ऐकण्यासारखी असतात. गिरणी, फिटर, टर्नर, गेज, व्हर्नियर यांच्यात वाढलेल्या वस्तीला मोजमापाचं काम परकं वाटायचं कारण नाही. उलट मला वाटतं, किटचे डबे जमवणाऱ्या घरांपेक्षा जिथे व्हर्नियर अजून कपाटात आहे त्या घरांत हा छंद जास्त चांगला रुजेल.

मग पालकांचा आक्षेप: परीक्षा तोंडावर आणि हा पुठ्ठे कापत बसलाय. यावर एक दाखला देतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ या काळात शाळकरी मुलांसाठी मॉडेल बांधण्याची स्पर्धा चालवली. आधी नेपोलियनकालीन घोडागाडीची प्रतिकृती, पुढे स्वतः कल्पिलेली १/१२ मोटार. तयार किट नाही. लाकूड, प्लास्टर, हाताला येईल ते. बक्षीस कॉलेजच्या शिक्षणाचं. १९४७च्या विजेत्यांतला चक जॉर्डन पुढे त्याच कंपनीच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला, आणि या स्पर्धेतून पुढे आलेले इतरही अनेक जण त्या धंद्यात नावाला आले. स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती, हेही सांगून टाकायला हवं. किती मुलींचं नुकसान झालं ते मोजायचं साधन नाही. पण हा दाखला मी जपूनच वापरीन. मॉडेल बांधणारं प्रत्येक मूल डिझायनर होत नाही, आणि झालंच पाहिजे अशी अट घातली तर छंदाचा क्लास होतो. जॉर्डनच्या उदाहरणावरून एवढंच सिद्ध होतं की जिला गाड्यांचा आकार पोटापाण्यासाठी समजून घ्यायचा होता त्या कंपनीने हे काम जवळपास चाळीस वर्षं पोरखेळ मानलं नाही.

थ्री-डी प्रिंटरविषयी थोडक्यात. प्रिंटर आल्यावर हाताने बांधायचं कारण संपलं असं म्हणणारे एक गोष्ट विसरतात: प्रिंटरला फाइल लागते, फाइलला मापं लागतात, आणि विक्रम टेम्पोची मापं कुणीतरी रस्त्यात उभं राहून घेतल्याशिवाय कुठेच नसतात. स्कॅनर पृष्ठभाग उचलतो, पण ठोकून बसवलेला पत्रा आणि मूळचा पत्रा यांतला फरक तो ओळखत नाही. चाकं, जाळी, दिवे यांसाठी प्रिंटर जरूर वापरावा. माझा त्याला विरोध नाही. माझा विरोध दुसऱ्याने केलेली फाइल उतरवून स्वतःच्या नावावर खपवण्याला आहे.

खरा पेच वेगळाच आहे आणि तो या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणापर्यंत पुरतो. कोणती गाडी बांधायची? लखनौच्या कारखान्यातून निघालेला विक्रम, की तोच विक्रम हजीऱ्याच्या चौकात दहा वर्षं धावल्यावरचा, मागे वेल्डिंगची जादा पायरी, बाजूला लोखंडी नळ्या, बदललेला दिवा, हाताने रंगवलेला नंबर? शुद्धतावादी कारखान्याची गाडी मागतात, आणि त्यांच्या बाजूने एवढं खरं की तिची मापं ठरलेली असतात. पण कारखान्यातून निघालेल्या स्थितीत ती गाडी या शहरात कुणी फारशी पाहिलीच नाही. मिस्त्रीने दुरुस्त केलेली गाडी हीच इथली गाडी. मी मिस्त्रीच्या बाजूचा आहे. मात्र मग तारीख ठरवावी लागते. २००५ची पायरी आणि २०१५चा दिवा एकाच मॉडेलवर आले की ती गाडी कधीच अस्तित्वात नव्हती असं होतं, आणि हा दोष कितीही सफाईदार रंगकामाने झाकला जात नाही. यासाठी पुढच्या पानांत एक नियम जवळजवळ कंटाळा येईपर्यंत सांगितला आहे. मॉडेल ज्या पाटावर बसवायचं त्याच्या खालच्या बाजूला, पुसलं जाणार नाही अशा शाईने, पाच गोष्टी लिहाव्या: गाडी कोणती, ती कोणत्या वर्षी जशी होती तशी बांधली आहे, मापं स्वतः घेतली की फोटोवरून, मापं घेतली ती गाडी कोणत्या भागात उभी होती, आणि कोणती मापं अंदाजाने धरली. पाचवी ओळ बहुतेक जण गाळतात. अंदाजाची मापं असायला काहीच हरकत नाही. गाडीचा तळ मोजायला कोणता ड्रायव्हर धंद्याच्या वेळी गाडी उभी करून देतो? पण ती मापं अंदाजाची आहेत हे लिहिलेलं असलं, की पुढचा बांधणारा नेमका तिथूनच टेप लावायला सुरुवात करू शकतो.